वनिता भोईरचे पाठ

शांती नगरात राहायला आल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरींनी मी काय करते ते विचारलं होतं. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या शिक्षकांना मी शिकवते, असं मी सांगितलं. ते जरा थांबले आणि म्हणाले, गेटवरची पाटी फिकी पडलीय, ती रंगवून मिळेल का. मी दिली रंगवून. त्यानंतर गणपतीचं मखर, हळदीकुंकवाची रांगोळी, कुणाच्या नातवाच्या वहीतलं फुलपाखरू, असं सगळं माझ्या दारात येत राहिलं. गिरगावातली खोली सोडून आम्ही मीरा रोडला आलो ते स्वतःचं दार असावं म्हणून, पण ते दार कधी फारसं बंद राहिलं नाही. तक्रार नाही. एवढंच, की मी निवृत्त झाले तेव्हा सोसायटीनं माझा सत्कार केला आणि ओळख करून देताना 'आपल्या पेंटर मॅडम' असं म्हटलं.

म्हणून माझं काम काय होतं ते आधी सांगते.

चित्रकला शिक्षकाची पदविका दोन वर्षांची. येणाऱ्या बहुतेकांना वाटतं, आपल्याला चित्रं येतात, म्हणजे निम्मं काम झालंच. ते निम्मंही नसतं. कागदावर एकट्यानं चित्र काढणं वेगळं, आणि चाळीस-पन्नास पोरांसमोर उभं राहून, त्यांच्याशी बोलत बोलत खडूनं फळ्यावर काढणं वेगळं. कागदावर चुकलं तर खोडता येतं. फळ्यावर चुकलं की मागून हसू ऐकू येतं. शिवाय काढताना फळ्याच्या एका अंगाला उभं राहायचं, म्हणजे पोरांना रेषा उमटताना दिसते. हात फळ्यावर आणि तोंड वर्गाकडे. वर्गाला पाठ दाखवलीत तर पाठ बिघडला, असा माझा एक विनोद होता. दर वर्षी मी तो करायचे आणि दर वर्षी नव्या मुलांना हसावं लागायचं.

पाठ म्हणजे जवळच्या शाळेत जाऊन खऱ्या वर्गाचा एक तास घेणं. त्याचं टाचण आधी लिहून आणायचं, सुरुवात कशी करणार, फळ्यावर काय काढणार, मुलांकडून काय करून घेणार. मी शेवटच्या बाकावर बसून लाल पेनानं शेरे लिहायचे. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला बाहेरून परीक्षक येत आणि त्यांच्यासमोर अंतिम पाठ होई. त्यात नापास झालं तर चित्रं कितीही सुंदर असोत, पदविका मिळत नसे.

आमचे वर्ग भाईंदर पश्चिमेला एका शाळेच्या वरच्या मजल्यावर, पत्र्याखालच्या दोन खोल्यांत भरायचे. त्या दिवसांत पाणी टँकरनं यायचं. जलरंग शिकवायचे आणि नळाला पाणी नाही. प्रत्येक जण घरून बाटली भरून आणायचा, एका डब्यात पाच जणांचे ब्रश धुतले जायचे आणि दुपारपर्यंत सगळ्यांच्या आकाशाला एकच मातकट रंग चढायचा. एका परीक्षकांनी आमच्या या 'संयत रंगसंगती'चं कौतुकही केलं होतं. स्थिरचित्रासाठी मांडलेली वांगी आणि दुधी तीन दिवस तशीच ठेवावी लागत. तिसऱ्या दिवशी ती हमखास गायब असत. सुकली म्हणून टाकून दिली, असं आमचे शिपाई सांगत. मी शेवटी प्लास्टिकची फळं आणली. ती कुणी टाकून दिली नाहीत.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं, तेव्हाच्या तुकडीत वनिता भोईर होती. जवळच्याच मुर्धा गावची. वडील मिठागरावर कामाला, आई सुकी मासळी विकायची. दहावीच्या पुढं शिकणारी ती त्यांच्या घरातली पहिली. प्रवेशाच्या वेळी तिनं आणलेली चित्रं मी 'साधारण' म्हणून बाजूला ठेवली होती. हलका कागद, स्वस्तातले रंग, त्यात फारसं काही दिसत नव्हतं.

मग फळ्याचा पहिला तास झाला. रोजच्या पाहण्यातली एकच वस्तू काढा, असं मी सांगितलं होतं. कुणी माठ काढला, कुणी जास्वंद. वनितानं खडू आडवा टेकवला आणि मनगटाच्या एका फिरक्यात चिंबोरीची पाठ काढली. मग खडूच्या टोकानं नांग्या, पाय, डोळे. मोजमाप नाही, खोडणं नाही. एका मिनिटाच्या आत फळ्यावरची ती चिंबोरी तिरकी पळत चौकटीबाहेर जाईल असं वाटायला लागलं. काढताना तिचे ओठ हलत होते. मी जवळ गेले. ती पुटपुटत होती, "वल, वल, आता खाली ये. आता डोला." ती रेषेशी बोलत होती, तिला वळायला सांगत होती. मला गंमत वाटली आणि मी पुढच्या मुलाकडे गेले.

पहिल्या पाठासाठी मी तिला पाचवीचा वर्ग दिला. मराठी माध्यमाची शाळा. मुंबईतून नव्या इमारतींत राहायला आलेल्या नोकरदारांची मुलं त्यात जास्त, घरी हिंदी किंवा गुजराती बोलणारी दोन-चार आणि मागच्या बाकांवर मुर्धा, राई या गावांतली. वनिता फळ्याशी गेली आणि म्हणाली, "पोरांनो, फल्याकडं बगा. आज आपुन मासली काडनार हाव."

पहिल्या बाकावर खसखस पिकली. एक मुलगा 'मासली, मासली' असं दोनदा म्हणाला. वनितानं ते ऐकलं, पण तिचा हात थांबला नाही. बोंबील, बोय, सुरमई, एकामागून एक फळ्यावर येत गेले आणि प्रत्येकाविषयी ती काहीतरी सांगत होती, हा कुठं राहतो, तो कसा पोहतो, ह्याचं तोंड असं का. पाच मिनिटांत हसणं बंद झालं. तास संपला तेव्हा मुलं बाकं सोडून फळ्याभोवती उभी होती आणि मागच्या बाकांवरची सगळ्यांत पुढं होती.

त्या पाठावर मी लिहिलेला शेरा मला अजून पाठ आहे. 'फलकरेखाटन उत्तम. भाषा सदोष. तातडीने सुधारणा आवश्यक.' 'तातडीने'खाली मी रेघही ओढली होती.

त्याच तुकडीत अभय नावाचा एक मुलगा होता. दादरहून मीरा रोडला आलेलं कुटुंब, वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेला. त्यानं काढलेला कप बादलीसारखा दिसायचा. पण तो त्या बादलीविषयी इतकं छान बोलायचा की ऐकत राहावं. पाठांमध्ये मी त्याला पहिला नंबर दिला. पुढं दोनच वर्षं तो शाळेत टिकला आणि मग मीरा रोडला फ्लॅट विकायला लागला. त्यात त्याचं फार चांगलं चाललं.

दुसऱ्या वर्षाच्या मध्याला मुंबईहून एक ज्येष्ठ परीक्षक पाहणीला आले. त्यांनी वनिताचा पाठ पाहिला. जिना उतरताना ते मला म्हणाले, "मुलीचा हात चांगला आहे, पण अंतिम पाठाला मीच असेन आणि ही अशीच बोलली तर मी तिला पास करू शकणार नाही." शिक्षकाच्या तोंडची भाषा मुलं उचलतात, असं त्यांचं म्हणणं होतं. मी वाद घातला नाही. मला ते पटलंच होतं.

पटण्याचं कारण माझ्या घरात होतं. आमचं घर मूळचं रत्नागिरीकडचं. मी सहा-सात वर्षांची होईपर्यंत घरातल्या मोठ्यांसारखंच हेल काढून बोलायचे. गिरगावातल्या शाळेत बाईंनी मला वर्गासमोर उभं करून एकेक शब्द पुन्हा म्हणायला लावला आणि वर्षभरात ते बोलणं गेलं. मला त्याचं कधी वाईट वाटल्याचं आठवत नाही. नोकरी लागली, मान मिळाला. माझं काही बिघडलं नाही, तर हिचं काय बिघडणार, असा माझा सरळ हिशेब होता.

मी वनिताला वर्ग सुटल्यावर अर्धा तास थांबायला सांगितलं. फळा, बाळ, कमळ, मासळी. पाणी, लोणी, दाणे. आहे, नाही, आहोत. मी म्हणायचे, ती माझ्यामागून म्हणायची. तिनं एका वहीत दोन रकाने आखले होते, डावीकडे तिचा शब्द आणि उजवीकडे माझा. आठवड्याभरानं डावीकडचे शब्द तिनं स्वतःच खोडून टाकले, म्हणजे चुकून तिकडं डोळा जायला नको. ती जिद्दीची होती. तिला कारणही होतं. चुलत्यानं तिच्यासाठी स्थळ आणलं होतं आणि वडिलांनी निकालापर्यंत थांबू असं त्याला कसंबसं कबूल करायला लावलं होतं. पास झाली तर नोकरी, नाहीतर लग्न आणि सुक्या मासळीची टोपली. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही वही बंद करता करता. मग म्हणाली, "बाई, मना ह्ये न्हाय जमलं त?"

मी म्हटलं, "जमेल. पण घरी एक बोलायचं आणि इथं एक, असं केलंस तर जीभ वळणार नाही. आजपासून घरीसुद्धा असंच बोलायचं. आईशीसुद्धा."

ती मानेनं हो म्हणाली.

महिन्या-दीड महिन्यात फरक पडला. वनिता स्वच्छ बोलायला लागली. सावकाश, प्रत्येक शब्दावर पाय ठेवून पाहिल्यासारखं, पण स्वच्छ. पाठाचं सगळं बोलणं ती आधी लिहून काढायची आणि तोंडपाठ करायची. त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट झाली. ती माझ्या लक्षात आली होती, पण मी तिला नाव दिलं नाही. वनिता आता बोलताना काढत नसे आणि काढताना बोलत नसे. एक वाक्य म्हणायची, थांबायची, फळ्याकडे वळायची, एक रेघ काढायची, पुन्हा वळायची. ओठ घट्ट मिटलेले. आडवा खडू गेला, ती टोकानंच काढू लागली. आधी फिकट आराखडा, मग त्यावरून गडद रेघ, चित्रकलेच्या पुस्तकात दाखवतात तशी. मी माझ्या वहीत लिहिलं, 'कामात शिस्त आली आहे.'

हात आणि जीभ एकाच माणसाची असतात. हे मला कुणी सांगायला नको होतं, माझा धंदाच तो होता. जे पुटपुटणं मी गंमत म्हणून सोडून दिलं, त्याच्याच आधारानं तिची रेषा चालत होती. मी जीभ दुरुस्त केली आणि हाताचा आधार काढून घेतला. हे मला आज असं लिहिता येतं. तेव्हा मी खूश होते.

अंतिम पाठाच्या दिवशी परीक्षक तेच होते. सहावीचा वर्ग, विषय जलचर. तो विषय मीच तिला निवडून दिला होता, तिच्या माहितीतला म्हणून. वनिता इस्त्री केलेली पिवळी साडी नेसून आली होती. सुरुवात छान झाली. तिनं प्रश्न विचारले, मुलांनी उत्तरं दिली, एकही शब्द अडखळला नाही. परीक्षकांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. मग ती चित्राकडे वळली आणि कदाचित सगळं नीट चाललंय म्हणून असेल, तिचा हात क्षणभर जुना झाला. खडू आडवा पडला. चिखलात बसलेला एक लहान जीव फळ्यावर आला, डोक्यावर दोन डोळे बाहेर आलेले, पुढचे पर हातांसारखे टेकलेले, आता उडी मारेल असा.

मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. राईची असावी. "बाई, ह्यो निवटा हाय ना? आमच्या खाडीत हाय."

निवटा म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा. मुलीनं बरोबर ओळखला होता. तिचा चेहरा खुललेला होता. वनिताचाही खुलला, ते मी पाहिलं. ती काहीतरी बोलणार होती. मग तिची नजर शेवटच्या बाकाकडे आली, जिथं मी आणि परीक्षक बसलो होतो.

"असं बोलू नये," ती त्या मुलीला म्हणाली. "'हा मासा आहे' असं म्हणावं. म्हण पाहू."

मुलगी म्हणाली आणि खाली बसली. वनितानं डस्टर उचललं, ते वर आलेले डोळे पुसले, पुढचे पर पुसले आणि त्या जागी पुस्तकातला मासा काढला. अंडाकृती, शेपटीला त्रिकोण, अंगावर खवल्यांच्या सारख्या ओळी. मुलांनी तो वह्यांत उतरवून घेतला. तास वेळेवर संपला.

परीक्षकांनी तिला चांगले गुण दिले. विद्यार्थ्याची चूक तत्परतेनं सुधारली, याचा त्यांनी खास उल्लेख केला. मी शिपायाला पाठवून पेढे मागवले. वनिता माझ्या पाया पडली आणि रडली, आणि मला वाटलं, नोकरीचं चीज झालं.

तिला लगेच भाईंदरच्या एका शाळेत नोकरी लागली. चित्रकला शिक्षकांच्या जागा तेव्हा अजून भरल्या जात होत्या. पुढं त्या कमी होत गेल्या आणि आम्ही मात्र दर वर्षी नवी तुकडी घेतच राहिलो, पण तो वेगळा पश्चात्ताप आहे. चुलत्यानं आणलेलं स्थळ परत गेलं. दोन वर्षांनी तिनं रेल्वेत कारकून असलेल्या मुलाशी लग्न केलं आणि दोघांनी मुर्ध्यातच तिच्या माहेराशेजारी घर बांधलं. शाळेत ती भोईर बाईच राहिली. दिवाळीला तिचं हातानं काढलेलं भेटकार्ड यायचं. त्यावरची अक्षरं फार सुबक असायची.

सहा-सात वर्षं गेली. एका वर्षी आमच्या नव्या मुलांचे पाठ मी वनिताच्या शाळेत लावले. पहिल्या दिवशी मी वेळेआधी पोचले आणि ती शिकवत असलेल्या वर्गाच्या दाराशी उभी राहिले. फळ्यावर चौकटी आखलेल्या होत्या आणि प्रत्येक चौकटीत फुलदाणीचा एकेक भाग. पट्टीनं मोजून मुलं तो वहीत उतरवत होती. वर्गात टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. एका मुलानं काहीतरी विचारलं. काय विचारलं ते मला कळलं नाही, फक्त 'न्हाय' एवढं ऐकू आलं. वनितानं त्याला उभं केलं आणि ते वाक्य पाच वेळा नीट म्हणायला लावलं. पाचव्यांदा त्याचं बरोबर आलं. मुलगा बसला, पण आपल्याला काय विचारायचं होतं ते तो विसरला असावा, कारण त्यानं पुन्हा विचारलं नाही.

मला पाहून तिला फार आनंद झाला. शिक्षकांच्या खोलीत तिनं सगळ्यांना माझी ओळख करून दिली आणि सांगितलं की मी जी काही आहे ती बाईंमुळे. म्हणाली, "गावातली मुलं पहिल्या दिवशी येतात ना, तेव्हापासूनच मी लक्ष देते, बाई. मला विसाव्या वर्षी जे शिकावं लागलं, ते यांना दहाव्या वर्षी यायला हवं." तिची सहकारी म्हणाली की भोईर बाईंच्या वर्गातलं मूल बोलायला लागलं की ते मुर्ध्याचं आहे असं कुणाला ओळखता येत नाही. वनिता लाजून हसली.

मी फळ्याविषयी विचारलं. खडू आडवा धरून काढतेस का अजून, असं. तिला आधी काही कळलं नाही. मग म्हणाली, छे, ते कच्चं काम होतं.

त्या रात्री आणि पुढच्या बऱ्याच रात्री मला झोप आली नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. झोप आली. पण दर वर्षी जो शेरा मी सवयीनं लिहायचे, 'भाषा सदोष', तो त्या वर्षी कुणाच्याच पाठावर लिहिता आला नाही. पेन त्या जागी यायचं आणि थांबायचं. शेवटी मी ठरवलं, वनिताशी बोलायचं. तिनं घरी जेवायला बोलावलंच होतं. एका रविवारी मी उत्तनच्या बसनं मुर्ध्याला गेले.

बसथांब्यापासून आत वळलं की पूर्वी मिठागरांचे पांढरे ढीग दिसायचे. तिथं आता इमारतींचे खांब उभे राहत होते. वनिताच्या घराशेजारी अंगणात तिची आई दोन बायकांबरोबर सुका जवळा निवडत बसली होती. ती कुणाच्या तरी कोंबडीची गोष्ट सांगत होती, हातवारे करून, कोंबडीची मान आणि शेजारणीची मान दोन्ही करून दाखवत, आणि त्या दोघी पोट धरून हसत होत्या. मी फाटकाशी उभी राहून ऐकत राहिले. तिचा हात हवेत जशी चित्रं काढत होता, ते मी कुठं पाहिलं होतं ते मला माहीत होतं.

तिचं लक्ष गेलं. मी वनिताची बाई, असं सांगितल्यावर ती घाईनं उठली, हात पदराला पुसले आणि तिचं बोलणं एकदम थांबलं. वनिताच्या घरात नेऊन मला खुर्चीवर बसवलं. "आपण... बसा," असं म्हणाली आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली. पुढं जेवण होईपर्यंत तिनं दहा शब्दही उच्चारले नसतील. वनिताची मुलगी तीन-साडेतीन वर्षांची. ती आजीच्या पायांत घुटमळत होती. आजी तिला भात भरवत होती, केसांवरून हात फिरवत होती, पण बोलत नव्हती.

जेवण झाल्यावर आजी आणि नात बाहेर गेल्या, तेव्हा मी वनिताला जे सांगायला आले होते ते सांगितलं. मी तुझ्या बाबतीत चुकले, म्हटलं. तुझं बोलणं मी बदलायला नको होतं. परीक्षकांशी भांडायला हवं होतं. अंतर्गत गुण माझ्या हातात होते, मला भांडता आलं असतं. तुझ्या हातात जे होतं ते मी कुठल्याच मुलाच्या हातात पाहिलं नाही, आणि ते माझ्यामुळे गेलं.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, तुम्हाला आता असं वाटतंय, कारण तुम्हाला वाटून घेणं परवडतं. त्या दिवशी तुम्ही भांडला असतात आणि हरला असतात, तर तुम्ही घरी गेला असतात शांती नगरला. मी कुठं गेले असते?"

मी नकळत त्या खोलीभर नजर फिरवली.

"हे घर त्या नोकरीवर उभं आहे," ती म्हणाली. "माझ्या मुलीला वर्गात कुणी हसणार नाही. एक चिंबोरी फळ्यावर चांगली नाही काढता आली, तर नाही आली."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी चुकीचं काही बोलले म्हणून तिला माझी थोडी कीव आली असावी. तिनं चहा केला, नवं भेटकार्ड दाखवलं, मुलीला शाळेत कुठं घालावं याचा माझा सल्ला घेतला. मी इतक्या वर्षांत हजारदा दुसऱ्यांच्या चुका दाखवल्या होत्या. स्वतःची चूक घेऊन गेले, तर ती माझ्याकडून घ्यायलाच कुणी तयार नव्हतं.

निघाले तेव्हा वनिता भांडी आवरत होती. बसपर्यंत सोडायला तिची आई माझ्याबरोबर आली. अर्धा रस्ता संपला. मग तिनं एकदा मागं वळून पाहिलं, घर दिसत नाही अशी खात्री केली आणि मला हलक्या आवाजात म्हणाली, "बाई, येक इचारू? वनिताला शिकवलं तसं मना पन शिकवाल काय? नात आता घडाघडा बोलाला लागलीय. वनिता सांगते, तिच्याम्होरं आपलं बोलू नको, पोरगी उचलंल. मना दुसरं काय येत न्हाय. मंग मी गपच राते."

मी तिला सांगितलं की काही शिकायची गरज नाही. तुम्ही बोलता तसंच बोला नातीशी, ती कोंबडीची गोष्ट सांगा तिला. मी सांगते म्हणून सांगा.

बाई मस्करी करतायत की काय, असं तिला वाटलं असावं.

"तुमीच त वनिताला सांगितलाव," ती म्हणाली, "घरात पन असं बोलाचं न्हाय."

बस आली. मी चढले. ती थांब्यावर उभी राहून हात हलवत होती आणि कंडक्टर मला तिकीट विचारत होता. मला कुठं जायचंय ते त्याला दोनदा विचारावं लागलं.